खारीचा... सिंहाचा वाटा!

पोकेमॉन म्हणजे बच्चेकंपनीचा टाइमपास, असं वाटतंय? मग पचिरिसूला भेटा. उंची 40 सेंटिमीटर, वजन 3.9 किलो, अंगात जोर जवळपास शून्य. आणि तरीही वर्ल्ड चॅम्पियन टीमची मेंबर! कसं काय? त्याचाच हा फंडा.

ऑगस्ट 2014. वॉशिंग्टन डी.सी. पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली मास्टर्स गटाची फायनल. एका बाजूला अमेरिकेचा जूडी अझारेली, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरियाचा से जून पार्क. अशा लेव्हलला मैदानात कोण उतरतं? ड्रॅगन, आग ओकणारे पक्षी, पोटच्या पिल्लासकट ठोसे लगावणारी कांगासखान. आणि पार्कच्या टीममधून काय उतरलं? निळ्या-पांढऱ्या रंगाची, गोबऱ्या गालांची, इलेक्ट्रिक खारुताई.

मी ही फायनल रेकॉर्डिंगवर पाहिली, तीही एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. खार दिसली की हॉलमधले प्रेक्षक अक्षरशः गलका करतात. आयपीएलमध्ये अकराव्या नंबरच्या बॅट्समनने सिक्सर ठोकल्यावर होतो ना, तसला! आणि ही खार तिथे शोभेला उभी नव्हती. पार्क ती फायनल जिंकला, जगज्जेता झाला.

त्यानंतर नेटवर एक गोड गोष्ट फिरायला लागली. 'आपला आवडता पोकेमॉन घ्या, मनापासून खेळा, अंडरडॉगही जिंकतो!' वाचायला मस्त वाटतं, शुक्रवारी संध्याकाळी एचआरच्या मेलमध्येही शोभून दिसेल. पण खरी स्टोरी याहून भारी आहे. पचिरिसू तिथे प्रेमापोटी आली नव्हती. ती हिशेबाने आली होती.

आधी खेळ समजून घ्या

आपल्या पिढीतल्या बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख कार्टून नेटवर्कवर झाली. 2003 मध्ये ही सिरियल भारतात आली, मग वेफर्सच्या पाकिटातले टाझो, मग शाळेच्या रिसेसमध्ये भांडणं. त्या आठवणी जरा बाजूला ठेवा. टीव्हीवर अ‍ॅश हिमतीवर जिंकायचा. इथे हिंमत चालत नाही, इथे गणित लागतं.

स्पर्धेतला सामना डबल्सचा असतो. तुम्ही सहा पोकेमॉनची टीम नेता, समोरच्याची सहाची टीम बघता आणि त्या सामन्यासाठी आपल्यातले चार निवडता. मैदानात एका वेळी दोन विरुद्ध दोन. सगळ्यांची लेव्हल 50, म्हणजे 'माझा जास्त मोठा आहे' ही बढाई बाद. प्रत्येकाला फक्त चार चाली, एक खास गुण आणि हातात एक वस्तू. बस्स!

आणि दोन्ही खेळाडू आपापल्या चाली एकाच वेळी, एकमेकांना न दाखवता ठरवतात. म्हणजे बुद्धिबळ कमी, तीन पत्ती जास्त.

2014 साली आणखी एक अट होती. कलॉस प्रदेशाच्या यादीत असलेलेच पोकेमॉन चालणार होते. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बायोडेटा बघितला तर रिजेक्ट

प्रत्येक पोकेमॉनला सहा मूळ आकडे असतात. पचिरिसूचे असे: तब्येत 60, हल्ला 45, बचाव 70, स्पेशल हल्ला 45, स्पेशल बचाव 90, वेग 95. बेरीज 405. तिच्याच टीममधल्या गार्चॉम्पची बेरीज 600. ग्याराडोसचं मेगा रूप 640 वर जातं. म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यूला ही खार आली असती, तर पहिल्याच राउंडला 'वी विल गेट बॅक टू यू'!

पण हे झाले मूळ आकडे. त्यावर खेळाडू 510 एफर्ट पॉइंट्स वाटू शकतो, एका खात्यात जास्तीत जास्त 252. तुमच्या सीटीसीच्या ब्रेकअपसारखंच. एकूण रक्कम ठरलेली, कुठे किती टाकायची ते तुम्ही ठरवा.

बहुतेक जण हल्ला आणि वेगात टाकतात. पचिरिसूच्या बाबतीत ते पैसे पाण्यात. 45 च्या हल्ल्यावर कितीही खर्च करा, मुंगी चावल्यासारखंच लागणार. म्हणून सगळं तब्येत आणि बचावात टाकायचं. स्वभाव 'इम्पिश' घ्यायचा. त्याने बचाव 10 टक्के वाढतो, स्पेशल हल्ला 10 टक्के घटतो. आणि स्पेशल हल्ला ती वापरतच नाही, म्हणजे तोटा शून्य! एवढं केलं की लेव्हल 50 च्या पचिरिसूची तब्येत होते 167 आणि बचाव 134. आता ही खार जरा दमदार वाटायला लागली की नाही?

चार चाली, चार कामं

पार्कच्या पचिरिसूकडे या चार चाली होत्या.

फॉलो मी: खार पुढे येऊन नाचते, 'मला मार, मला मार!' त्या फेरीत समोरच्यांनी एकावर नेम धरून केलेले हल्ले तिच्यावरच वळतात. ही चाल जवळपास सगळ्या हल्ल्यांच्या आधी होते, त्यामुळे खारीचा वेग कमी पडला असं होत नाही. गंमत म्हणजे पचिरिसू ही चाल मोठेपणी शिकत नाही. अंड्यातून येतानाच आई-बाबांकडून वारशात घेऊन यावी लागते. घराणंच म्हणा ना!

नझल: गाल घासून दिलेला विजेचा झटका. ताकद फक्त 20, पण लागला की समोरचा हमखास लुळा पडतो. 2014 च्या नियमांत लुळेपणा म्हणजे वेग थेट पाव, शिवाय चारातून एकदा हालचालच बंद. समोरचा कितीही फास्ट असो, आता तो सिग्नलला अडकलेला.

सुपर फँग: समोरच्याची जेवढी तब्येत उरलीय त्याच्या बरोब्बर निम्मी गायब. इथे खारीच्या 45 ला कोणी विचारत नाही. 212 तब्येतीची दणकट कांगासखान असली तरी एका चाव्यात 106. कमजोर खेळाडूने बलवानाला निम्मं करायचं आणि उरलेलं पार्टनरने संपवायचं.

प्रोटेक्ट: एक फेरी पूर्ण बचाव. ज्या फेरीत समोरचे 'आता या खारीला संपवूच' म्हणून दोघंही तुटून पडतात, नेमकी तेव्हा वापरायची. त्यांची फेरी वाया, आपल्या पार्टनरची फुकट.

हातात सिट्रस बेरी. तब्येत निम्म्यावर किंवा त्याखाली आली की ती खाल्ली जाते आणि पाव तब्येत परत येते. आणि खास गुण 'व्होल्ट अब्सॉर्ब': विजेचा हल्ला लागला की इजा नाही, उलट पाव तब्येत वाढते!

आता हे सगळं एकत्र करून बघा. ग्याराडोसला विजेची जबरदस्त अ‍ॅलर्जी. समोर रोटोम किंवा झॅपडॉस असला तर एरवी ग्याराडोसचा जीव टांगणीला. पण शेजारी पचिरिसू 'फॉलो मी' करून उभी असेल, तर तो विजेचा लोळ तिच्याकडे वळणार आणि ती तो शीतपेयासारखा पिऊन टाकणार. समोरच्याला हे माहीत असतं, म्हणून तो वीज वापरायलाच कचरतो. म्हणजे खारीने काही न करताही एक हल्ला बाद!

कॅल्क्युलेटर काढा

इथेच हा खेळ मला खरा आवडायला लागला. या गेमचं नुकसानीचं सूत्र खेळाडूंना तोंडपाठ असतं. मीही कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बारावीनंतर गणिताला हात न लावलेल्या मास कॉमवालीने! हे तीन हिशेब बघा.

पहिला. तीन डोक्यांचा ड्रॅगन हायड्रायगन. स्पेशल हल्ला पूर्ण वाढवलेला, स्वभावही पूरक, पण ताकद वाढवणारी वस्तू हातात नाही. चाल ड्रेको मीटिअर, म्हणजे आकाशातून उल्कापात! पूर्ण तब्येतीच्या पचिरिसूवर जास्तीत जास्त नुकसान 153. तिच्याकडे आहेत 167. वाचली! लगेच बेरी खाते, 41 परत मिळतात. आणि ड्रेको मीटिअर टाकल्यावर हायड्रायगनचा स्वतःचा स्पेशल हल्ला निम्म्यावर येतो. समोरच्याने आपलं ब्रह्मास्त्र खारीवर खर्च केलं आणि हाती काय आलं? भोपळा! त्या फायनलची आठवण निघाली की चाहते आजही हाच क्षण सांगतात: हायड्रायगनचा उल्कापात अंगावर घेऊन उभी राहिलेली खार.

दुसरा. टॅलनफ्लेम, 2014 मध्ये जिथे तिथे दिसणारा आगीचा ससाणा. त्याचे उडण्याचे हल्ले सगळ्यांच्या आधी लागायचे, म्हणून त्याची दहशत. पण इलेक्ट्रिक पोकेमॉनला उडण्याचे हल्ले निम्मेच लागतात. हल्ला पूर्ण वाढवलेल्या टॅलनफ्लेमचा ब्रेव्ह बर्ड पचिरिसूला जास्तीत जास्त 44 ने दुखावतो. वर त्या धडकेत त्याला स्वतःलाही लागतं.

तिसरा आणि सगळ्यात मजेदार. पचिरिसूचा वीक पॉइंट एकच, जमिनीचे हल्ले. त्यांनी दुप्पट इजा होते. मग समोरच्या गार्चॉम्पने भूकंप केला तर? हल्ला पूर्ण वाढवलेला, स्वभाव वेग वाढवणारा, अशा गार्चॉम्पचा अर्थक्वेक जास्तीत जास्त 138. तरीही वाचली!

म्हणजे बघा, एका फटक्यात तिला संपवणं हे मोठमोठ्यांना जमत नव्हतं. आणि दोन फटके लागतात, याचा अर्थ पार्टनरला मिळालेल्या त्या अख्ख्या फेऱ्या. ग्याराडोससारख्याला एक मोकळी फेरी मिळाली आणि त्याने ड्रॅगन डान्स केला, की त्याचा हल्ला आणि वेग दोन्ही दीडपट. पुढचं तुम्हीच इमॅजिन करा.

मग मशरूम का नाही घेतलं?

हा प्रश्न मी माझ्या एका गेमर मित्राला विचारला. दिवसा आयटी कंपनीत टेस्टर, रात्री पोकेमॉन ट्रेनर. कारण हल्ले स्वतःवर ओढून घेणारे इतरही होते. अमूंगस नावाचं मशरूम तर या कामात एकदम सीनियर. ते 'रेज पावडर' उडवून हेच काम करतं, शिवाय समोरच्याला झोपवतंही.

"अगं, पण 2014 ला टॅलनफ्लेम बघ ना किती होते!" तो म्हणाला. "मशरूमला आग आणि उडणं दोन्ही झोंबतं. गेलंच ते. आणि रेज पावडर ही पावडर आहे. 2013 च्या एक्स-वाय गेमपासून गवताच्या पोकेमॉनवर पावडर चालतच नाही. ते सरळ दुर्लक्ष करून पार्टनरला मारतात. फॉलो मी ला हा प्रॉब्लेम नाही."

म्हणजे पार्कची निवड कशी होती? त्या वर्षीच्या यादीत, त्या वर्षीच्या दहशतवाल्यांसमोर, हल्ले ओढायचं काम कोण सगळ्यात नीट करेल? उत्तर आलं पचिरिसू. क्यूट असणं हा बोनस. मूळ आकड्यांची बेरीज 405 आहे की 600, हा प्रश्नच नव्हता. नोकरीच वेगळी होती!

टीममधले इतरही त्याच हिशेबाने बसवलेले: ग्याराडोस, गार्चॉम्प, गॉथिटेल, गार्डेव्हॉर आणि टॅलनफ्लेम. गॉथिटेलचा गुण शॅडो टॅग, ती मैदानात असेपर्यंत भुतांचे पोकेमॉन सोडले तर समोरच्याला खेळाडू बदलताच येत नाही. खारीवर फुकट डोकं आपटणारी जोडी तिथेच अडकून पडते. गार्चॉम्प स्वतः भूकंप करणारा, आणि भूकंप शेजारच्या पार्टनरलाही लागतो. पण त्या फेरीला खार प्रोटेक्टमध्ये बसली की झालं. शिवाय ड्रॅगनचे हल्ले गार्चॉम्पला दुप्पट लागतात, तेव्हा खार पुढे होते. दोघांचं जमतं, कारण दोघांचे प्रॉब्लेम वेगवेगळे आहेत.

मैदानात बघितलेलं

वाचून समाधान होईना, म्हणून त्याच मित्राच्या जुन्या थ्रीडीएसवर आम्ही खेळलो. थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा एप्रिल 2024 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता दोन मशीन्स घेऊन शेजारी शेजारी बसूनच खेळायचं. त्याच्या फ्लॅटवर, मध्ये वडापाव, पंख्याखाली.

मला पचिरिसू आणि ग्याराडोस दिले. त्याच्याकडे कांगासखान आणि हायड्रायगन. या माणसाला वर लिहिलेलं सगळं पाठ आहे. तरीही पहिल्या फेरीत त्याने ग्याराडोसवर नेम धरला. माझी खार आडवी आली, ग्याराडोस नाचला. दुसऱ्या फेरीत तो चिडून दोघांनाही खारीवर सोडायला निघाला. मी प्रोटेक्ट. ग्याराडोसच्या एका फटक्यात हायड्रायगन अर्धमेला.

"हेच!" तो हसत म्हणाला. "कळतं, पण वळत नाही. तिला मारायला गेलो तर वेळ जातो, नाही मारलं तर ती काम करत राहते. दोन्हीकडून मीच येडा!"

त्या क्षणी मला या चालीची खरी ताकद समजली. पचिरिसू समोरच्याला तब्येतीने हरवत नाही. ती त्याच्यापुढे फक्त वाईट पर्याय ठेवते.

पण दरवर्षी खारच का नाही?

फायनलनंतर पोकेमॉन कंपनीने त्याच वर्षी पार्कच्या पचिरिसूसारखी पचिरिसू एक्स-वाय खेळाडूंना भेट म्हणून वाटली. त्याच चार चाली, तोच स्वभाव, तीच बेरी. म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनचं हत्यार फुकटात! मग सगळे चॅम्पियन का नाही झाले?

कारण पुढच्या वर्षी मैदान बदललं. 2015 च्या नियमांत कलॉसची अट गेली आणि बाहेरचे दांडगे परत आले. त्या मोसमातली सगळ्यात गाजलेली टीम होती 'चॉक'. क्रेसेलिया, हीट्रान, अमूंगस, लँडोरस, कांगासखान यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. लँडोरस जमिनीचा, म्हणजे भूकंप घेऊन हजर आणि नझलचा त्याच्यावर परिणाम शून्य. भूकंप सगळ्यांना एकदम लागतो, त्यामुळे तो फॉलो मी ने वळवताही येत नाही. थंडुरससारखा एखादा टाँट मारून डिवचायचा, की फॉलो मी आणि प्रोटेक्ट दोन्ही बंद. आणि हल्ले ओढायच्या कामाला मशरूम पुन्हा रुजू. खार तीच होती, तिच्यासाठी असलेली जागा राहिली नव्हती.

ट्राय करायचंय? हे लक्षात ठेवा

* पचिरिसूला एकटी सोडू नका. शेजारी मोकळ्या फेरीचं सोनं करणारा कोणीतरी हवाच.
* समोर भुताचा पोकेमॉन असेल, उदाहरणार्थ एजिस्लॅश, तर सुपर फँग लागणारच नाही. बाकीच्यांवरही ती 100 पैकी 90 वेळाच लागते.
* जमिनीच्या आणि इलेक्ट्रिक पोकेमॉनवर नझल वाया घालवू नका. पहिल्यांना ती लागत नाही, दुसरे लुळे पडत नाहीत.
* प्रोटेक्ट लागोपाठ दोनदा करायचा मोह टाळा. दुसऱ्यांदा ते बहुतेक वेळा फसतं.
* नव्या गेममध्ये खेळत असाल तर हिशेब पुन्हा करा. 2016 च्या सन-मून गेमपासून लुळेपणाने वेग पाव नाही, निम्मा होतो.

आपल्याकडे सेतू बांधणाऱ्या खारीची गोष्ट आजी सांगायची. इवलीशी खार अंगाला चिकटलेली वाळू नेऊन टाकते आणि रामराया तिच्या पाठीवरून बोटं फिरवतो. त्यातून आपण 'खारीचा वाटा' म्हणायला शिकलो, म्हणजे छोटासा, पण मनापासून दिलेला. पार्कची खार जरा वेगळी. तिचं मन किती मोठं होतं, ते गेमच्या आकड्यांत कुठे दिसत नाही. दिसतात ते 167, 134 आणि एक रिकामी जागा, जी भरायला बाकी कोणी फिट नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी अप्रेझलमध्ये कोणी तुमचा आकडा 405 काढला, तर लगेच रेझ्युमे अपडेट करायला घेऊ नका. आधी विचारा, मैदान कुठलं आहे आणि शेजारी कोण उभं आहे? आणि उत्तर पटलं नाही, तर मात्र... बेरी खा, प्रोटेक्ट मारा आणि नवं मैदान शोधा!